आवाज नेमका कुणाचा?

आमच्या गल्लीत पहाटेचा गजर कुणी लावत नाही. साडेचारला पहिला टेम्पो सुरू होतो, मग दुसरा, मग कुणाचा तरी ट्रॅक्टर खोकतो आणि पाच वाजेपर्यंत सगळी गल्ली जागी! मी चहाचं आधण ठेवते तेव्हा आतल्या खोलीतून सासूबाईंचं समालोचन चालू झालेलं असतं. "कोपऱ्यावरच्यांची गाडी निघाली. आज रिकामीच आहे." "हा ट्रक आपल्याकडचा नव्हे, बाहेरचा आहे." "एसटी आली बघ. आज उशीर केला."

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, म्हातारी उगाच बडबडते. मी मुद्दाम दार उघडून खात्री करून घ्यायची. एकदाही त्या चुकल्याचं मला आठवत नाही.

आमची दुधनी म्हणजे सोलापूर जिल्ह्याचं टोक. तालुका अक्कलकोट, पण दोन पावलं पुढे गेलं की कर्नाटक. घरात मराठी, ओसरीवर कानडी आणि बाजारात दोन्हींची भेळ. सोलापूरहून वाडीकडे जाणारी रेल्वे इथं थांबते, आणि इथला तुरीचा बाजार लांबलांबच्या व्यापाऱ्यांना माहीत. तुरीचा हंगाम लागला की खेड्याखेड्यांतून माल येतो: ट्रॅक्टरनं, टेम्पोनं, छोट्या हत्तीनं, ट्रकनं. गावाची चूल त्यावर पेटते, हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणू नये की बाईला गाड्यांचा राग आहे. आमचं घरही एका टेम्पोवरच चालतं.

तर सासूबाई. मी त्यांना अत्ती म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्या डोळ्याला काचबिंदूनं गाठलंय. त्यामुळे त्या गाव बघत नाहीत, ऐकतात. ओसरीवर बसून वाती वळता वळता गाडीची चाहूल लागली की विचारतात, "याव गाडी?" म्हणजे कुठली गाडी. उत्तर मात्र त्यांच्याकडेच तयार असतं.

तशी ही विद्या आपल्या सगळ्यांकडेच असते, मैत्रिणींनो. मिक्सरच्या भांड्यातली चटणी बारीक झाली की नाही, हे आपण झाकण उघडून कधी बघतो? कुकरची शिट्टी नीट झाली की अडकली, शिलाई मशीनला तेल हवंय की सुई वाकलीय, पोरगं नाटक करतंय की खरंच लागलंय... सगळं कानावर. घरच्या माणसानं दारात चप्पल कशी काढली यावरून आज बाजारात काय झालं असेल ते कळतं. फक्त उंबऱ्याबाहेरच्या आवाजाची पाळी आली की आपण एकच शब्द वापरतो, "काय हा गोंगाट!" आणि खिडकी लावून घेतो. गोंगाट म्हणजे काही एक आवाज नसतो. तो पाच-पन्नास आवाजांचा ढीग असतो आणि त्यातला कुठला कुठून आला हे बघायला कुणाला सवड नसते. मलाही नव्हती. पौष महिन्यात एक दिवस अत्ती पडल्या, तोवर.

त्या दिवशी सहाचा सुमार. अंधार होता, थंडी मजबूत होती. आमचा टेम्पो दारात सुरू करून ठेवलेला. जुनी डिझेल गाडी, दहा मिनिटं तशीच गरम होऊ द्यावी लागते असं ह्यांचं म्हणणं. अत्ती तांब्या घेऊन देवळाकडे निघाल्या. रोजचा रस्ता, रोजची वेळ. टेम्पोला वळसा घालून त्या रस्त्यावर आल्या आणि मागून शेजारच्या मुलाची बॅटरीवरची स्कूटर आली. त्यानं ब्रेक दाबला, पण हॅन्डल लागलंच. अत्तींचं मनगट मोडलं.

मग जे व्हायचं तेच झालं. गल्ली गोळा झाली आणि सगळ्यांनी त्या पोराला धरलं. "ह्या मुक्या गाड्या म्हणजे काळ आहेत!" पोरगं रडकुंडीला आलेलं. घरात ह्यांनी वेगळंच निदान केलं, "आईला ऐकू येईनासं झालंय." ते आम्हाला तसं दोन महिन्यांपासून वाटतच होतं. पहाटे काही विचारलं की त्या "आँ? काय?" करायच्या. म्हणून प्लास्टर घालायला सोलापूरला नेलं तेव्हा कानाच्या डॉक्टरांनाही दाखवलं. बंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं कान छान आहेत.

परत येताना गाडीत कुणीच बोलेना. शेवटी अत्तीच म्हणाल्या, "ते पोरगं काही मुकं आलं नव्हतं. त्याच्या चाकाचा आवाज मला रोज येतो. त्या दिवशी आपली गाडी ओरडत होती, म्हणून नाही आला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्याच आठवड्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला. गल्लीतल्या गाड्यांच्या आवाजाबद्दल अर्ज द्यायचा, असं ठरलं. नगरपरिषदेला एक आणि पोलिस ठाण्याला एक. मजकूर मी लिहायला घेतला आणि बायका सांगू लागल्या. बुलेटवाल्या पोरांपासून सुरुवात झाली आणि बुलेटवरच शेवट! सायलेन्सरची पुंगळी काढून टाकतात, वळणावर मुद्दाम फटके मारतात, तान्ही पोरं दचकून उठतात. सगळं खरं होतं. अर्ज झकास झाला. अत्ती गळ्यात हात अडकवून कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "बुलेट दिवसातून किती वेळा जाते?" कुणी म्हणालं दोनदा, कुणी तीनदा. "आणि पहाटे साडेचारला तुम्हाला कोण उठवतं?"

बैठक एकदम गप्प. कारण साडेचारला उठवणारं कुणाच्या नवऱ्याचं होतं, कुणाच्या दिराचं, कुणाच्या जावयाचं. एकीनं पदर सावरला, एकीनं घड्याळ बघितलं. अर्ज तसाच माझ्या पर्समध्ये राहिला.

मग उन्हाळ्यात माझी भाची आली. पुण्यात इंजिनिअर आहे, गाड्यांचा बाहेर येणारा आवाज कमी करणं हेच तिचं काम. आम्हा सगळ्यांना आजवर वाटायचं, पोरगी गाड्यांच्या कारखान्यात कारकुनी करत असेल! तिच्याशी बोलले तेव्हा कळलं की गाडीचा आवाज 'कुठून येतो' हे शोधणं ही अख्खी एक विद्या आहे, आणि अत्ती जे करतात त्याचीच ती शिकलेली धाकटी बहीण आहे.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय म्हणून संस्था आहे, गाड्यांवर संशोधन करणारी, १९६६ पासूनची. नवी गाडी बाजारात येण्याआधी तिच्या चाचण्या अशा ठिकाणी होतात, त्यातली एक आवाजाची. मोकळ्या मैदानात वीस मीटरचा पट्टा आखलेला असतो. गाडी ठरलेल्या वेगानं, साधारण ताशी पन्नासनं, तिथवर आणायची आणि पट्ट्यात शिरताक्षणी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साडेसात मीटरवर माइक उभे. उंची १.२ मीटर. भाची सहज बोलून गेली, पण माझ्या मनात ते अडकलं. १.२ मीटर म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा कान! आणि साडेसात मीटर म्हणजे पंचवीस फूट. आमच्या गल्लीत पंचवीस फुटांवर रस्त्याची पलीकडची भिंतसुद्धा नाही. माझ्या उंबऱ्यापासून गाडीचं चाक सहा फुटांवर. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण सहा डेसिबलनं चढतो, आणि पंचवीसाचे सहा म्हणजे दोनदा निम्मं. मोटारींना २००५ पासून ७४ डेसिबलची आणि मोठ्या मोटरसायकलींना ८० ची मर्यादा घातलेली, ती त्या मैदानातली. माझ्या उंबऱ्यावर त्यात बारा मिळवायचे. शिवाय दोन्हीकडच्या भिंती आवाज परत फेकतात ते वेगळंच.

हे झालं एकूण आवाजाचं. पण तो मर्यादेबाहेर गेला तर खोट कुठं आहे हे कसं कळणार? गाडी काही एकाच तोंडानं बोलत नाही. धुराड्याचं तोंड बोलतं, इंजिनचं अंग बोलतं, हवा आत ओढणारी नळी बोलते, रेडिएटरचा पंखा बोलतो, गिअर बोलतात, टायर रस्त्याशी बोलतात आणि बॉडीचे पत्रे तर गप्पच बसत नाहीत. भाची म्हणाली, "मावशी, आम्ही एकेकाचं तोंड दाबून बघतो." म्हणजे धुराड्याला एक भलामोठा जादा सायलेन्सर जोडायचा की त्याचा आवाज जवळजवळ संपला. इंजिनला शिसं आणि काचेच्या लोकरीचे थर गुंडाळायचे. पंखा काढून ठेवायचा. मग एकेक पांघरूण काढत परत मोजायचं. टायरचा आवाज हवा असेल तर इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत न्यायची. "म्हणजे गाडीला गोधडी पांघरता होय!" अत्ती खूप हसल्या. हल्ली त्याहून सोपं यंत्र आलंय. चाळणीसारख्या गोल चौकटीवर पन्नास-शंभर छोटे माइक बसवलेले असतात. आवाज प्रत्येक माइकपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचतो, त्या फरकावरून संगणक गाडीच्या फोटोवरच लाल-पिवळा डाग उमटवून दाखवतो, की इथून येतोय. आपले दोन कान तेच करतात. अत्तींचे जरा जास्त चांगलं करतात इतकंच.

मला मात्र सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते डेसिबलचं गणित. आपली बेरीज-वजाबाकी तिथं चालत नाही. ८० डेसिबलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर १६० होत नाहीत, ८३ होतात. आता हेच उलटं करून बघा. दोन सारख्याच आवाजातला एक तुम्ही जिवापाड मेहनत करून बंद केलात, तर कमी होतात फक्त तीन. आणि बंद केलेला आवाज मुळातच लहान असेल, तर काहीच होत नाही. मिक्सर चालू असताना गळका नळ बंद केल्यासारखं! म्हणून आधी सगळ्यात मोठा आवाज शोधायचा. तो सोडून बाकी कशावरही पैसा आणि भांडण खर्च करणं फुकट.

हे ऐकताना मला पर्समधला अर्ज आठवत होता.

आमच्या टेम्पोचं काय, हा प्रश्न आता टाळता येईना. ह्यांचं एकच पालुपद, "मी मेस्त्रीला दोनदा दाखवला. तो म्हणतो आवाज नॉर्मल आहे. बाजारात तर गाडी एकदम शांत चालते. तुम्हा बायकांना उगाच वाटतं." हे खोटं नव्हतं, बरं का. दुपारी मी स्वतः ऐकलं, गाडी खरंच बरी वाटत होती. मग पहाटेच काय होतं तिला?

अत्ती म्हणाल्या, "थंडीत जास्त, उन्हात कमी. सुरू केल्यावर टक-टक-टक, वेशीपर्यंत जाते तोवर निम्मं. मी कधीची सांगते." भाचीनं मान वर केली. तिनं अत्तींना परत सांगायला लावलं. मग म्हणाली, "उद्या पहाटे गाडी सुरू करायच्या आधी मला उठवा."

दुसऱ्या दिवशी चारलाच आम्ही तिघी अंगणात. भाचीनं धुण्याच्या जागेची रबरी नळी कापून घेतली होती, हातभर लांब. अत्तींना खाटेवर बसवलं, नळीचं एक टोक त्यांच्या कानाशी दिलं. ह्यांनी गाडी चालू केली आणि भाची दुसरं टोक इंजिनच्या आसपास, हात जपून, फिरवू लागली. अत्ती डोळे मिटून. "इथं नाही... इथंही नाही... पुढं जा... नाही, मागं ये. थांब. इथं." नळीचं टोक सायलेन्सरपाशी नव्हतंच. ते होतं इंजिनला धुराचा पाइप जोडतात त्या सांध्यापाशी. बॅटरी मारून बघितलं तर तिथं काजळीचा काळा पट्टा उमटलेला. एक स्टड तुटलेला, गॅस्केट उडालेलं. इंजिन थंड असताना त्या फटीतून धूर आणि आवाज दोन्ही थेट बाहेर, सायलेन्सरच्या वाटेला न जाता. लोखंड तापून फुगलं की फट मिटते, आवाज दबतो. मेस्त्रीकडे गाडी जायची ती दिवसभर चालून, तापूनच. त्याला बिचाऱ्याला काय ऐकू येणार!

म्हणजे बघा, दोन महिने आम्ही अत्तींच्या कानांना दोष दिला. मग शेजारच्या पोराला दिला. मग बॅटरीच्या गाड्यांना. दोष होता आमच्या गाडीतल्या एका फटीत, आणि ज्यांच्यावर आम्ही बहिरेपणाचा शिक्का मारत होतो त्यांनाच तो पहिल्यापासून माहीत होता.

युरोपात २०१९ पासून नव्या मॉडेलच्या विजेच्या मोटारींना कमी वेगात मुद्दाम थोडा आवाज करायला लावलंय, अंध माणसांना चाहूल लागावी म्हणून. चांगलंच आहे. पण मला विचाराल तर आमच्या गल्लीत त्या स्कूटरला आवाज लावून काही साधलं नसतं. ओरडणाऱ्याच्या शेजारी कुजबुजणाऱ्याला मोठ्यानं बोलायला लावलं की दोघंही ओरडायला लागतात. हॉर्नचं तेच झालंय. पुढच्याच्या गोंगाटात आपला हॉर्न ऐकू जात नाही म्हणून आणखी मोठा हॉर्न. महाराष्ट्रात २०१५ साली ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी झाली. २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी एक गमतीदार प्रयोग लोकांपुढे आणला. सिग्नलला थांबलेल्यांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू! मला ती कल्पना फार आवडली होती. आमच्याकडे सिग्नलच नाही, तो भाग वेगळा.

कायद्याची आपल्याकडे कमतरता नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र धरलेली आहे आणि राहत्या वस्तीत त्या वेळी ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे आमचं साडेचार हे कायद्यानं मध्यरात्रीइतकंच पवित्र. सायलेन्सरला बगल देऊन धूर बाहेर सोडणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा हजार आणि नंतर दोन हजार रुपये दंड आहे. आवाजाचे निकष मोडले तर दहा हजारांपर्यंत. पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. बघून बरं वाटतं, मी नाही म्हणत नाही. बुलेटच्या पोरांचं मला काडीचंही कौतुक नाही. हौस म्हणून दुसऱ्याची झोप मोडणं ही मस्तीच. पण रोलरखाली जातात ते हौसेचे आवाज. हयगयीचे आवाज, फुटलेल्या गॅस्केटचे, झिजलेल्या बुशचे, खिळखिळ्या फाळक्याचे, ते तसेच रोज आपल्या दारावरून जातात. कारण ते दिसत नाहीत, आणि त्यांच्यामागे कुणाचं तरी पोट असतं.

पीयूसीला गाडी नेली की नळी घालून धूर बघतात. आवाज कुणी बघत नाही. खरं तर उभ्या गाडीचा आवाज मोजायची सोपी रीत आहे. धुराड्याच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, पंचेचाळीस अंशांच्या कोनात माइक धरायचा आणि इंजिन ठरावीक फेऱ्यांवर चालवायचं. पाच मिनिटांचं काम. धुराबरोबर हाही आकडा त्याच कागदावर छापला, आणि गाडी नवी होती तेव्हाचा आकडा शेजारी ठेवला, तर मेस्त्रीला आणि मालकाला दोघांनाही कळेल की काहीतरी सुटलंय. दंड नंतर करा. आधी सांगा तरी! आपल्याकडे गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना शांत असते. पुढच्या पंधरा वर्षांत ती कशी ओरडायला लागते याची विचारपूस करायला कुणी नाही.

आणि पैशांचं म्हणाल तर, तेही सांगते. दुरुस्तीला खर्च आला साधारण एका भाड्याइतका. खरी अडचण होती एक दिवस गाडी उभी ठेवण्याची. हंगामात एक दिवस बुडाला तर व्यापारी दुसरा टेम्पो बघतो, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही. ही भीती मला माहीत आहे, कारण महिन्याचा हिशेब मीच लिहिते. म्हणून ह्यांच्यावर मी फार चिडू शकले नाही. पण अत्तींच्या हाताचे पैसे, सोलापूरच्या खेपा, सहा आठवडे धुणंभांडी करताना मला नसलेला तिसरा हात... हाही हिशेब मी त्याच वहीत लिहिला आणि ह्यांच्यापुढे ठेवला. दोन शब्द झाले आमच्यात. चार झाले म्हणा. हे म्हणाले, "भाचीला बोलावून घरातल्या माणसाची चौकशी लावलीस." मी म्हटलं, चौकशी गाडीची लावली, तुम्ही तिच्या बाजूनं उभे राहिलात. दोन दिवस घरात फक्त गाडीचाच आवाज.

तिसऱ्या दिवशी गाडी मेस्त्रीकडे गेली. पहाटे पाचला, थंडच. मेस्त्रीच्या दारात जाऊन हे उभे राहिले आणि त्याला झोपेतून उठवून ऐकवलं, हे मला नंतर कळलं.

अर्ज मी फाडला नाही, नवा लिहिला. त्यात बुलेट आहेतच, पण त्या तिसऱ्या क्रमांकावर गेल्या. पहिलं हे लिहिलं की बाजाराच्या रांगेत नंबर येईपर्यंत गाड्यांची इंजिनं बंद ठेवायला सांगावं. रांगेतल्या दहा गाड्या सुरू असणं आणि एकच सुरू असणं यात दहा डेसिबलचा फरक पडतो, आणि कानाला दहा डेसिबल म्हणजे दुप्पट गोंगाट. दुसरं, वळणावरच्या त्या गतिरोधकाबद्दल. गाड्या तिथं थांबतात, ब्रेक किंचाळतात, मग पहिल्या गिअरमध्ये परत जोर लावतात, आणि हे सगळं शाळेच्या भिंतीला लागून. तो चार घरं अलीकडे घ्यावा एवढंच मागणं. आमच्या गल्लीत गाड्यांचा वेग पंधरा-वीसचा, त्यामुळे इथं आवाज इंजिनाचा आणि धुराड्याचा. हमरस्त्यावर मोटार चाळीस-पन्नासच्या पुढे गेली की इंजिनापेक्षा टायर जास्त बोलतात. जागा बदलली की गुन्हेगार बदलतो. म्हणून शहरातले उपाय जसेच्या तसे आमच्याकडे आणू नका, असंही मी लिहिणार होते. भाची म्हणाली, अर्जात एवढं भाषण नको. काढून टाकलं.

सह्या सोळा झाल्या. बैठकीला एकवीस जणी होत्या. ज्या पाच जणींनी नाही केली त्यांना मी विचारलं नाही. त्यातल्या एकीच्या घरी दोन ट्रॅक्टर आहेत आणि सासरा रागीट आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तिनं सही केली नाही, पण दुसऱ्या दिवशी येऊन रबरी नळीचा तुकडा मागून नेला. अर्ज दोन्हीकडे दिलाय, पोच घेतलीय. उत्तर अजून आलेलं नाही.

आणि आमचा टेम्पो? दुरुस्तीनंतरच्या पहिल्या पहाटे मी मुद्दाम चहा उशिरा ठेवला आणि उंबऱ्यात उभी राहिले. गाडी सुरू झाली. ते टक-टक गेलं होतं. इंजिन धडधडत होतं तेवढंच, आणि त्यातून पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशीची साखळी ऐकू येत होती. किती महिन्यांनी! ह्यांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, गिअर टाकला. गाडी हलली, कोपऱ्यावरच्या खड्ड्यातून गेली.

आतून अत्तींचा आवाज आला, "त्याला सांग, मागचा फाळका वाजतोय. डावीकडची साखळी ढिली झालीय. आधी ऐकू येत नव्हतं."